गोळी तरंगली का?

१९९५, न्यू जर्सी

आमटीची वाटी मुंबईत राहिली आणि तुम्ही इथे आलात. आत्ता तुमचे वय अठ्ठावीस. दिवाळी चार दिवसांवर आली आहे, खिडकीबाहेर मेपलची पाने लाल झाली आहेत आणि तुमच्या हातात प्लॅस्टिकचा मापाचा कप आहे. ओव्हनमधून नुकत्याच काढलेल्या ट्रेकडे तुम्ही बघता. चोवीस नानकटाया मांडल्या होत्या, त्यांची एकमेकींत मिसळून एक पिवळी चादर झाली आहे. कडा करपलेल्या, मध्यभाग ओलसर.

तुम्ही मुंबईला फोन लावता. मिनिटाचे पैसे डोक्यात मोजतच बोलायचे असते, म्हणून ख्यालीखुशाली बाजूला ठेवून थेट विचारता, "आई, मैदा दोन वाट्या म्हणजे नक्की किती?"

"दोन वाट्या म्हणजे दोन वाट्या. आपली आमटीची वाटी नाही का?"

"ती तुझ्याकडे आहे. माझ्याकडे कप आहे."

"मग सगळं कपानंच घे. दोन कप मैदा, एक कप पिठीसाखर, पाऊण कप तूप. माप कुठलंही चालतं गं, सगळ्याला एकच घेतलं म्हणजे झालं."

"तेच केलं. तरी पसरलं सगळं."

"तूप फेसलंस?"

"बटर घेतलं. मायक्रोवेव्हमध्ये पातळ करून घातलं."

"पातळ करून?" आईच्या आवाजात आता मिनिटांची काळजी उरलेली नाही. "अगं, मग फेसणार काय? गोळी पाण्यात टाकून बघितलीस का? तरंगली का ती?"

येताना वहीच्या पानाची झेरॉक्स तुम्ही आणली होती. त्यावर मैदा आहे, साखर आहे, तूप आहे, वेलची-जायफळ आहे, चिमूटभर सोडा आहे. गोळीचा आणि पाण्याचा त्यात उल्लेख नाही. आईला तो लिहावासा वाटला नाही, कारण तिच्या दृष्टीने ते लिहिण्यासारखे नव्हतेच. नानकटाई करणाऱ्याला एवढे माहीत असणारच.

दुसऱ्या खेपेला तुम्ही बटर फ्रीजबाहेर ठेवून नुसते मऊ होऊ देता. त्यात पिठीसाखर घालून फेसत राहता, रंग पिवळ्यावरून पांढऱ्याकडे जाईपर्यंत. मग बोराएवढी गोळी पाण्याच्या ग्लासात सोडता. ती बुडते. आणखी फेसता. पुन्हा सोडता. या वेळी ती वर येते. ट्रेमधल्या नानकटाया थोड्या चपट्या होतात, कारण बटरमध्ये स्निग्धांश ऐंशी टक्क्यांच्या आसपास असतो आणि उरलेले बहुतेक पाणी. तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्ध पदार्थ. पण नानकटाया एकमेकींपासून वेगळ्या राहतात, आणि दाताखाली आल्या की भुरभुरतात.

वहीत नसलेली ही गोळी आईला कोणी सांगितली? त्यासाठी मागे जावे लागेल.

१९७३, पार्ले

आता तुम्ही त्याच घरातला अकरा वर्षांचा मुलगा आहात. खाकी चड्डी, पायात स्लिपर, डोक्यावर ऑक्टोबरचे ऊन आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला पत्र्याचा डबा. डब्यात मैदा, वर कागदाच्या पुड्यांत पिठीसाखर आणि वेलदोड्याची पूड. वनस्पती तुपाचा डबा आजीकडे आहे, कारण तो तुमच्या हाती द्यायला ती तयार नाही. यंदा वनस्पती सहज मिळालेले नाही. साखरही रेशनची, सणाची म्हणून थोडी जास्त सुटलेली. महागाईविरुद्ध मुंबईच्या बायकांनी लाटणी हातात घेऊन मोर्चे काढलेले आहेत, आणि मोर्च्यांच्या पुढाऱ्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर ही नावे तुम्ही घरात इतकी ऐकली आहेत की त्या नात्यातल्याच कोणी असाव्यात असे तुम्हाला वाटते.

रुळांच्या बाजूने वारा आला की बिस्किटांचा गोड वास येतो. १९२९ साली सुरू झालेला पार्ल्याचा कारखाना तिथे आहे. गाडीत डोळे मिटून बसलेल्या माणसालाही स्टेशन आल्याचे त्या वासावरून कळते. पुडा विकत घेऊन काम भागले असते, असे तुम्ही आजीला एकदा म्हणाला होतात. "ती बिस्किटं चहाची. ही दिवाळीची," एवढेच ती बोलली.

बेकरीपुढे रांग आहे. प्रत्येकाच्या डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर आडनाव. मजुरी किलोवर ठरते. मालक गल्ल्यावर बसलेला इराणी, भट्टीवरचे कारागीर उत्तर प्रदेशातले. बहुतेक लोक डबे देऊन संध्याकाळी येतो म्हणून निघून जातात. आजी जात नाही. ती आत शिरते, कारागिराशेजारी उभी राहते आणि पिशवीतून पितळी तांब्या काढते. तांब्यात पाणी आहे.

दोन किलो मैदा, सव्वा किलो साखर, सव्वा किलो वनस्पती. कारागीर लाकडी परातीत वनस्पती आणि साखर एकत्र करून तळहाताच्या गादीने घासू लागतो. घामाच्या धारा त्याच्या कोपरापर्यंत येतात, तो त्या खांद्याने टिपतो. आजी मधेच बोटाच्या टोकाने मिश्रण उचलून तांब्यात सोडते. बुडते.

"और?" तो विचारतो.

"और," आजी म्हणते. तिचे हिंदी या एका शब्दावर चालते.

भट्टीपाशी गेल्यावर तुम्हाला कळते की आत जाळ नाही. पहाटे लाकडे पेटवली, विटा तापल्या, निखारे ओढून बाजूला केले. त्या पहिल्या कडक उष्णतेत पाव भाजून झाले. आता भट्टी उतरते आहे. उतरत्या भट्टीचा हा वेळ बिस्किटांचा आणि नानकटाईचा. पावाची आच नानकटाईला सोसत नाही. वरून लाल होते, आत कच्ची राहते. कारागीर कागदाचा एक कपटा आत टाकतो. कागद पेटला तर थांबायचे, सावकाश बदामी झाला तर ट्रे आत सरकवायचे. थर्मामीटर इथे कोणी पाहिलेला नाही.

लांब दांड्याच्या लाकडी फळ्यावर ट्रे आत जातात. बाहेर येतात तेव्हा प्रत्येक नानकटाईच्या डोक्यावर भेगा पडलेल्या असतात. वरचा थर आधी आवळला, आतून सोड्याचा वायू ढकलत राहिला, म्हणून त्या भेगा. तुम्ही हात पुढे करता आणि आजी तुमच्या मनगटावर चापट मारते. "गरम उचललीस तर मोडेल. गार होऊ दे. गरम असताना मऊच असते ती." मऊ लागली म्हणून परत भट्टीत घालणाऱ्यांच्या घरी दिवाळीत दगड खातात, हेही ती ऐकवते. रांगेतल्या दोघीतिघींनी ते ऐकलेले असते.

घरी येता तेव्हा आई ओट्यावर वही उघडून बसलेली असते. शेजारी 'रुचिरा' आहे. कमलाबाई ओगल्यांचे हे पुस्तक १९७० साली आले आणि वाटी-चमच्याच्या मापाने मराठी स्वयंपाकघरात घुसले. आई त्या धर्तीवर आजीची नानकटाई वाटीत बसवते आहे, म्हणजे घरच्या लहान ओव्हनमध्येही ती करता येईल. झाकणाला काच असलेला ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन घ्यायचा बेत शिजतो आहे. "आई, तूप किती वाट्या होईल?" ती सासूला विचारते. आजी हाताची ओंजळ करून दाखवते. आई लिहिते, पाऊण वाटी.

बेकरीतल्या तांब्याबद्दल ती विचारत नाही, कारण तो तिने पाहिलेला नाही. वहीतली ही फट इथली. पुढे केव्हातरी आजीच्या शेजारी उभे राहून ती गोळी शिकेल, पण लिहिणार नाही.

१९६२, वाण्याचे दुकान

फार वेळ थांबू नका, फक्त तराजूकडे बघा. पारड्यातले काळे शेर गेले आणि किलोची नवी वजने आली. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने बदल चालू होता, १९६२ पासून तो सक्तीचा झाला. नाणी त्याआधीच, १ एप्रिल १९५७ला, दशमान झाली होती.

घरोघरी वह्यांत खाडाखोड झाली. तुमच्या वहीत मूळ ओळ आहे: पावशेर मैदा, अडीच छटाक साखर, अडीच छटाक तूप. शेर साधारण ९३३ ग्रॅमचा, म्हणजे पावशेर २३३ ग्रॅम आणि छटाक ५८. त्यावर रेघ मारून कोणीतरी निळ्या शाईने लिहिले, २५० ग्रॅम, १५० ग्रॅम, १५० ग्रॅम. हिशेब करून पाहा. मैदा सतरा ग्रॅमने वाढला, साखर-तूप जेमतेम चार ग्रॅमने. नानकटाई किंचित कोरडी झाली असणार. घरात कोणाच्या लक्षात आले नाही, कारण गोळा हातात दाबल्यावर कडेला चिरा पडल्या की आजी आणखी चमचाभर तूप घालायचीच. वजने सरकारने बदलली, चूक तळहाताने दुरुस्त केली.

१९४४, गिरगाव

आता तुम्हीच ती आजी आहात, पण पंचविशीतली. चाळीतली दोन खोल्यांची जागा, नऊवारीचा पदर खोचलेला, समोर पितळी परात. लढाई चालू आहे. मुंबईत गेल्या वर्षापासून रेशनिंग आहे. धान्य, साखर सगळे कार्डावर. रॉकेलची चणचण आहे, कोळसा जपून वापरायचा आहे. बेकरीतून करून आणायची तर मजुरी वेगळी, शिवाय बेकरीलाच पीठ मोजून मिळते. म्हणून यंदाची दिवाळी शेगडीवर.

सासूबाई दाराशी बसून वाती वळताहेत. त्यांना लिहिता येत नाही. वहीतला मजकूर त्यांनी सांगितलेला आणि तुम्ही लिहिलेला.

मैदा पुरेसा नाही. सासूबाई म्हणतात, "कमी पडेल तेवढं डाळीचं पीठ घाल. भाजून घाल, कच्चं नको." तुम्ही बेसन कोरडे भाजता. पुढच्या पिढ्या या चमचाभर बेसनाला 'आपल्या घरची खासियत' म्हणतील, पाहुण्यांना हळूच सांगतील. खासियत कसली? रेशनकार्डावर मैदा नव्हता.

तूपही घरचे नाही. पिवळ्या डब्यावर ताडाचे झाड असलेले डालडा १९३७ पासून बाजारात आहे. सासूबाईंनी पहिली दोन वर्षे ते घरात येऊ दिले नाही. मग साजूक तुपाचे भाव वाढले आणि देवापुढच्या निरांजनाला साजूक, फराळाला डालडा अशी वाटणी झाली. फेसायला बसल्यावर तुम्हाला कळते की नानकटाईपुरता हा तोटा नव्हे. मुंबईच्या उकाड्यात साजूक तूप परातीतच वितळू लागते, परात गार पाण्यात ठेवावी लागते. वनस्पती घट्ट राहते आणि हवा धरून ठेवते.

फेसा. उजव्या तळव्याने पुढे, मग बाजूला, मग पुन्हा गोळा करून पुढे. सुरुवातीला साखर खरखरते. नंतर आवाज बदलतो. खांदा भरून येतो. रंग पांढरा होत जातो, परातीतला ढीग वाढल्यासारखा दिसतो.

"वाटीत पाणी घे," सासूबाई म्हणतात.

गोळी बुडते. का बुडते ते तुम्हाला इथे कोणी सांगणार नाही, पण तुम्ही पुढच्या काळातून आलेल्या असल्यामुळे तुम्हाला ठाऊक आहे. तूप पाण्यापेक्षा हलके, घनता सुमारे ०.९१. साखर पाण्याच्या जवळजवळ १.६ पट जड. दोन्ही समान वजनाने कालवली की मिश्रण पाण्याहून जड होते आणि तळाला जाते. ते वर यायचे असेल तर त्यात तिसरी वस्तू शिरली पाहिजे, ती म्हणजे हवा. साखरेच्या बारीक कणांनी तुपात पाडलेले असंख्य सूक्ष्म बुडबुडे. ओव्हनच्या उष्णतेत हेच बुडबुडे फुगतात, सोड्याचा वायू त्यांत शिरतो आणि नानकटाई भुरभुरीत होते. एकूण घनफळाचा सहावा-सातवा हिस्सा हवा झाली की गोळी तरंगते. सासूबाईंना घनता हा शब्द माहीत नाही, पण हवा किती शिरली हे मोजायचे यंत्र त्यांच्याकडे आहे. वाटीभर पाणी.

गोळी वर येते. तुम्ही मैदा, बेसन, सोडा, वेलची घालून हलक्या हाताने गोळा करता. इथे कणकेसारखे मळायचे नाही. मळले की पिठाला चिवटपणा येतो आणि इतका वेळ भरलेली हवा जाते. गोळा तळहातावर दाबता. कडा फाटली तर तूप कमी, तेलकट चकाकली तर जास्त. आज बरोबर आहे.

शेगडीवर जाड बुडाचे पातेले, त्यात चार बोटे वाळू. वाळू तापल्यावर आत थाळी, वर झाकण, झाकणावर निखारे. एका वेळी आठ. खालचा विस्तव मंद, वरचा त्याहून मंद. तळाला बदामी रंग आणि वर पांढरी, अशी ती उतरली पाहिजे. तिसऱ्या थाळीला निखारे संपतात. शेजारणीच्या शेगडीतले दोन निखारे चिमट्याने येतात. तिच्या मुलाला दोन नानकटाया जातात.

"सासूबाई, सोडा किती लिहू?"

"चिमूटभर लिही."

"आणि पाण्याचं?"

"ते काय लिहायचं? करणारीला दिसतंच."

१८९०, पुणे

पगडी सावरा. तुम्ही वेताळ पेठेजवळच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला आलेले एक तरुण कारकून आहात. ऑक्टोबरची संध्याकाळ आहे. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांच्या खटपटीने हा मेळावा जमला आहे. महादेव गोविंद रानडे आले आहेत, बाळ गंगाधर टिळक आले आहेत, शहरातली आणखी मोठी माणसे आहेत.

व्याख्यान संपते आणि चहा येतो. सोबत बिस्किटे.

एक बशी तुमच्यापुढे थांबते. ख्रिस्त्यांच्या घरचे पाणी, ख्रिस्त्यांच्या हातचे भाजलेले पीठ. कोणी घोट घेतो, कोणी नुसता पेल्याला हात लावतो, कोणी तसाच खाली ठेवतो. तुम्ही इकडेतिकडे बघता. बिस्किट उचलण्याचे धैर्य होत नाही आणि ठेवून देण्याचेही. काही काळाने 'पुणे वैभव' पत्रात उपस्थितांची नावे छापून येतात. मग तक्रार शंकराचार्यांकडे जाते, चौकशी बसते, प्रायश्चित्ताचे प्रकरण वर्ष-दोन वर्षे शहर ढवळून काढते. टिळक-रानड्यांच्या घरापर्यंत ते पोचते. रमाबाई रानड्यांनी पुढे आपल्या आठवणींत त्या दिवसांतल्या घरच्या तणावाबद्दल लिहिले.

या बशीपासून चाळीतल्या फराळाच्या ताटापर्यंत फार तर पन्नास-पंचावन्न वर्षे. इतक्या थोड्या काळात बाटवणारे बिस्किट दिवाळीच्या लाडू-चकलीशेजारी कसे येऊन बसले? बाजाराने एक उत्तर दिले. दिल्लीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या एका कंपनीचे नावच 'हिंदू बिस्किट कंपनी' होते. नावाचा उद्देश गिऱ्हाइकाला समजावून सांगावा लागत नव्हता. घरांनी दुसरे उत्तर शोधले असावे, आणि ते तुम्ही पार्ल्याच्या रांगेत पाहून आला आहात. पीठ आपले, साखर आपली, तूप आपले, अंडे मुळीच नाही. इराण्याचा किंवा मुसलमानाचा फक्त विस्तव. आजीचा तांब्या फेसण्यावर नजर ठेवायला होता, हे खरेच. पण आपल्या डब्यातले पीठ आपल्या डोळ्यांदेखत कालवले जाते आहे, हे बघण्याची सवय त्याहून जुनी होती. सोवळ्याने घातलेली अट हळूहळू विसरली गेली आणि रांग तेवढी उरली. त्या रांगेत सगळ्या जातींचे डबे एकाच भट्टीत गेले.

१८६१, सुरत

वाट इथे संपते. डचांची वखार या गावात सतराव्या शतकापासून होती. १८२४च्या तहानंतर त्यांनी हिंदुस्थानातली ठाणी इंग्रजांना दिली आणि ते गेले. जाताना त्यांच्या बेकरीतल्या पारशी कारागिरांच्या हाती भट्टी आली, असे सुरतेत सांगतात. फरामजी पेस्तनजी दोटीवाला यांची बेकरी १८६१ची मानतात. आज तुम्ही तिथे कामाला लागला आहात.

पीठ ताडीने आंबवलेले आहे, यीस्ट इथे मिळत नाही. कोपऱ्यात मडके, मडक्यातून आंबूस वास. साहेब लोक कमी झाल्यापासून पाव उरतो. उरलेला पाव वाळवून कोरडा केला तर टिकतो, आणि गावकरी तो कोरडा तुकडा चहा-दुधात बुडवून आवडीने खातात, हे मालकाच्या लक्षात आले आहे. यापुढे तो सुरतेच्या लोकांना रुचेल असे काही करू पाहतो. ताडी नको, अंडे नको. तूप आहे, साखर आहे, मैदा आहे. तुम्ही परातीत हात घालता आणि फेसू लागता.

या क्षणी या पदार्थाचे पावशेराचे किंवा वाटीचे माप कोणालाच माहीत नाही. समोर भट्टी आहे, हाताखाली तूप आहे. किती वेळ फेसायचे हे तुम्हाला तुपाच्या रंगावरून, परातीवरच्या आवाजावरून ठरवायचे आहे. सुरतेची नानकटाई पुढे गुजराती आणि पारशी माणसांबरोबर मुंबईला जाईल. तिथे यझ्दहून आलेले इराणी आणि गोव्याहून आलेले पाववाले आपापल्या भट्ट्या लावून बसतील. कुठल्याही मराठी आजीने ही वस्तू शोधून काढलेली नाही. तिने ती घेतली, सोवळ्यातून पार केली, युद्धातून जगवली आणि आपली म्हणून पुढे दिली.

आज

परत या. पार्ल्याचा कारखाना २०१६ साली बंद झाला. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा तत्सम स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. शहराच्या हवेचा विचार करता ते योग्यच आहे. आजीच्या काळचे वनस्पतीही आता तसे उरलेले नाही. तेल घट्ट करताना त्यात तयार होणारे ट्रान्स फॅट हृदयाला घातक असल्याचे सिद्ध झाले आणि २०२२पासून त्यावर २ टक्क्यांची मर्यादा आली.

म्हणजे 'आजीच्या हातची चव' म्हणून आपण जी आठवतो, तिच्यात कारखान्यातले तूप होते, परक्याच्या लाकडांची उष्णता होती आणि टंचाईतले बेसन होते. त्यातले पहिले दोन परत येणार नाहीत, येऊही नयेत. ग्रॅममध्ये प्रमाण शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही, कारण तेच तर दर पिढीला बदलत आले. शेर गेला, छटाक गेला, वाटी आली, कप आला. साजूक, वनस्पती, बटर. वाळू, भट्टी, गोल ओव्हन, ओटीजी. या सगळ्यातून जे जसेच्या तसे आले ते तीन-चार खुणांत मावते: गोळी पाण्यावर तरंगली पाहिजे. दाबल्यावर कडा फाटता कामा नये. तळ बदामी, माथा पांढरा. गार होईपर्यंत हात लावायचा नाही.

हे फक्त नानकटाईचे नाही. गोव्यात नाताळला रवा-नारळाची बोलिन्हा करणाऱ्या आजीला विचारा. ती प्रमाण सांगेल आणि मिश्रण रात्रभर मुरवायचे हे सांगायला विसरेल, कारण तिच्या मते ते सांगण्यासारखे नाही. रवा रात्रभरात ओलावा शोषतो, नाहीतर दाताखाली कचकचतो.

करून पाहायची असेल तर आजच्या मापाने: २५० ग्रॅम मैदा, त्यातले दोन चमचे काढून तेवढे भाजलेले बेसन, १५० ग्रॅम पिठीसाखर, १५० ग्रॅम रवाळ घट्ट साजूक तूप, पाव चमचा खायचा सोडा, वेलची-जायफळ. ओव्हन १६० ते १७० अंश, वेळ अठरा ते वीस मिनिटे. पण ओव्हन प्रत्येकाचा वेगळा असतो, तेव्हा घड्याळापेक्षा तळाचा रंग बघा.

यंदा दिवाळीआधी घरात जी कोणी हे करते तिच्या शेजारी ओट्यापाशी उभे राहा. आई असो, आत्या, मावशी किंवा आता ओव्हनवर राज्य करणारा मामा. प्रमाण विचारू नका, ते पुस्तकात मिळते. "झालं हे तुला कशावरून कळतं?" असे विचारा, आणि उत्तर आले की ते वहीत ग्रॅमच्या शेजारी लिहा. "ते काय लिहायचं?" असे ती म्हणाली, तर ते नक्की लिहा. खाली तारीख टाका.